‘काका-४३’ नावाचं वायफाय

मी आयटी हेल्पडेस्कवर काम करतो. ‘मी काहीच केलं नाही, आपोआप बंद पडलं’ हे रोज ऐकतो, आणि रोज कोणीतरी काहीतरी केलेलंच सापडतं. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता... अजूनही नाही म्हणा. पण मग ते काय होतं?

नायगावच्या बीडीडी चाळीत आमच्या आणि शेजारच्या भिकाजीकाकांच्या खोलीत मिळून एकच वायफाय होतं. राउटर त्रेचाळीस नंबरला, म्हणजे काकांकडे. नाव ‘काका-४३’. काका एकटेच राहायचे आणि बाहेर पडताना मेन स्विच बंद करायची त्यांना खोड. शॉर्टसर्किटची भीती! मग आमचंही नेट गुल. ऑनलाइन परीक्षा असली की माझी बहीण प्रज्ञा गॅलरीतून ओरडायची, "काका, मेन राहू द्या!" चाळ पाडायच्या आधीच काका गेले. राउटर मी आठवण म्हणून आणला.

चाळीच्या जागी बांधलेल्या नव्या टॉवरमध्ये येऊन आठवडा झाला होता. मजल्यावर अजून आम्हीच. त्या दिवशी सकाळी अकराला प्रज्ञाची परदेशातल्या स्कॉलरशिपसाठी ऑनलाइन मुलाखत होती. दोन वर्षं राबली होती पोरगी, आणि पुन्हा वेळ मिळणार नाही असं मेलमध्ये स्पष्ट लिहिलेलं. पावणेअकराला आमच्या नव्या राउटरवर लाल दिवा!

"दादा, कर ना काहीतरी! लोकांचं बरं पाच मिनिटांत करतोस..."

राउटर बंद-चालू केला, केबल काढून घातली, कंप्युटर रिस्टार्ट केला. ट्रबलशूटर गोल गोल फिरून म्हणतो — समस्या सापडली नाही. मोबाइलला घरात रेंज नाही. आई नुसती आत-बाहेर करत होती. लाज वाटत होती स्वतःची. दोन मिनिटं उरली आणि वायफायच्या यादीत एक नाव वर आलं... ‘काका-४३’. रेंज फुल्ल. मी काही करायच्या आत कंप्युटर जुन्या पासवर्डने जोडलाही गेला.

"थांब, अनोळखी नेटवर्क आहे," म्हणत मी माउसकडे हात नेला. तिने तो फटकन बाजूला केला.

"अनोळखी?" एवढंच म्हणाली आणि कॉलला बसली.

पस्तीस मिनिटं मुलाखत चालली, एकदाही आवाज तुटला नाही. तेवढ्या वेळात मी माळ्यावरचं खोकं उतरवलं. काकांचा राउटर त्यातच होता — अ‍ॅडॅप्टरशिवाय, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. तो मांडीवर घेऊन मी बसून राहिलो. घाबरलो होतो, खरंच सांगतो. कॉल संपला आणि नाव यादीतून गेलं.

वरच्या-खालच्या मजल्यांवर विचारून आलो. तसलं नाव कोणाकडेच नाही. असतं तरी पासवर्ड कसा जुळणार? तो काका आणि आम्ही सोडून कोणालाच माहीत नव्हता. ऑफिसातला सीनियर म्हणाला, "कंप्युटरचा लॉग बघ रे, सगळ्या नोंदी असतात त्यात." बघितला. जोडल्याची वेळ आहे, तुटल्याची आहे. कारण कुठेच नाही, आणि मला ते अजून स्वस्थ बसू देत नाही.

प्रज्ञाला स्कॉलरशिप मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांकडे पेढे देऊन आली. बॉक्समध्ये एक उरला होता.

"दादा, हा काकांचा. कुठे देऊ?"

आम्ही दोघंही कंप्युटरकडे बघत राहिलो.