व्हीडल आणि संत्र्याचा डोळा

मुलांनो,

नागपूरच्या दवाखान्यात बाकावर बसून हे लिहिते आहे. तुमच्या आजोबांना आत्ताच मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आत नेलं. पिशवीतले टॉवेल, रिपोर्ट, थर्मास मी उगाच काढते आणि पुन्हा नीट लावते. त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

धाकटे, मागे तू फोनवर अभ्यासासाठी 'व्हीडल' या इंग्रजी शब्दाचं वाक्य मागितलंस. माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून झालं तरी हा शब्द मला ठाऊक नव्हता. शब्दकोश काढला. लाडीगोडी लावून, तोंडावर स्तुती करून एखाद्याला राजी करणे. हे काम मला कधी जमलेलं नाही.

आणि घरात गरज नेमकी त्याचीच होती. आणखी उशीर केला तर डोळा हातचा जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ऑपरेशन का करायचं ते मी सांगू लागले की आजोबा पेपर तोंडासमोर धरत. अक्षर दिसत नव्हतं, तरी धरत. जंभेरीच्या, म्हणजे आंबट रानलिंबाच्या रोपावर संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, बसवून कलम करणं हे त्यांचं आवडीचं काम. या वर्षी त्यांनी चाकू हातात घेतला नव्हता.

शब्द नवा होता, वापरून पाहिला. चहा देताना म्हटलं, "डोळा बसवावा तर तुम्हीच. सौंसरपासून पांढुर्ण्यापर्यंत तुमच्यासारखा हात कोणाचाच नाही."

त्यांनी कप खाली ठेवला. 

"डॉक्टरनं तुले एकटीले काही सांगतलं काय?"

"नाही हो, बाबा."

"मंग येवढी गोड काऊन बोलून राहिली? मी चाललो काय वर?"

किती समजावलं, पटेना. संध्याकाळपर्यंत ते शेजाऱ्यांनाही विचारून आले, मी त्यांच्यापाशी रडले-बिडले का म्हणून. शेवटी स्वतःच म्हणाले, उद्या नागपूरला चल, काय ते एकदाचं तपासून टाकू. डॉक्टरांनी सगळं तपासलं. डोळ्याशिवाय काही निघालं नाही, तेव्हा कुठे ते ऑपरेशनला तयार झाले.

मघाशी हिरवा गाऊन घालून आत जाताना ते दारात थांबले.

"ते डोळा बसवायचं खरं होतं, का मले इथं आणाले?"

"खरं होतं."

"मंग पुन्हा एकदा म्हण."

तेवढ्यात नर्सनं दार लावून घेतलं. मी तिथेच उभी राहिले, मग बाकावर आले, मग पुन्हा दारापाशी जाऊन आले. अजून बंदच आहे. उघडलं की आधी त्यांना ते म्हणायचं आहे. तुझं वाक्य त्यानंतर.