लामर्टकडे परीक्षक येतात

लामर्ट हिडिंगचं घर आमच्या कालव्याच्या अगदी टोकाला. पूर्वी तिथे उचलायचा पूल होता आणि लामर्ट त्याचा राखणदार. बोट आली की पूल वर, बोट गेली की खाली, आणि मधल्या वेळात बोटवाल्यांशी गप्पा. पुढे दूरच्या कुठल्यातरी ऑफिसातून बटण दाबून पूल हलायला लागला आणि लामर्ट घरी बसला. त्याच हिवाळ्यात त्याची बायको आल्टये गेली. मूलबाळ नाही. उरली ती बैठकीतली टाकी.

टाकी माशांची खरी, पण आमच्या ड्रेन्थ प्रांतातल्या टाकीवेड्यांना विचाराल तर मासे नुसतं निमित्त. मान झाडांचा. लामर्टच्या टाकीत पाण्याखाली अख्खी बाग होती. पुढून मागे चढत जाणारी लोबेलियाच्या हिरव्या रोपांची रांग, तिच्या शेजारी लाल पानांचा एकच झुपका, आणि मधल्या मोकळ्या जागेत निऑन माशांचा थवा. मी टाकीवाल्यांच्या क्लबची चिटणीस, गेझिना. परीक्षकांबरोबर हिंडून मी गावातली सगळी घरं आतून पाहिली आहेत, आणि छातीवर हात ठेवून सांगते, अशी टाकी दुसरीकडे नव्हती.

दरवर्षी टाक्यांची स्पर्धा असते, पण एवढी जड टाकी उचलून प्रदर्शनात कोण नेणार? म्हणून परीक्षकच घरी येतात. आधी क्लबचे. क्लबात पहिल्या आलेल्याकडे मग जिल्ह्याचे, आणि तिथेही जमलं तर डिसेंबरात देशाचे, तेही तिघं. एरवी आमच्याकडे न कळवता कोणी कोणाच्या दारात जात नाही. सख्खी बहीणसुद्धा आधी फोन करून दिवस ठरवते. लामर्टला फोन करणारं कोणी नव्हतं. वर्षभरात त्याच्या घरात पाऊल टाकायचे ते परीक्षक आणि मी.

घरी माणसं यावीत म्हणूनच तो स्पर्धेत उतरायचा, हे काही मी तर्काने म्हणत नाही. तो लपवायचाच नाही.

"जिल्हा पार पडला ना गेझिना, की डिसेंबरात तिघं येतील," तो म्हणायचा. "तिघं! खुर्च्या कमी पडतील मला."

"आणि चषक मिळाला तर?"

"चषक घेऊन काय करू? तो कॉफी पितो का?"

आता वायूचं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. पाण्यातल्या झाडांना नीट वाढायला कार्बन डायऑक्साइड लागतो. खालच्या कपाटात सिलिंडर, त्याला बारीक झडप, आणि नळीतून एकेक बुडबुडा पाण्यात. कमी पडला की झाडं खुरटतात आणि शेवाळ माजतं. जास्त झाला की मासे गुदमरतात. काचेला आतून एक छोटा काचेचा फुगा लावलेला असतो, त्यातलं पाणी रंग बदलतं. निळं म्हणजे वायू कमी, हिरवं म्हणजे ठीक, पिवळं म्हणजे धोका. पण हा फुगा मेला आळशी. रंग बदलायला तास-दोन तास घेतो, तोवर व्हायचं ते होऊन जातं. म्हणून लामर्टचा नियम असा की झडप फिरवायची ती केसभर, आणि फिरवली की त्या दिवशी घर सोडायचं नाही. टाकीपुढे बसायचं आणि फुग्याकडे नाही, माशांकडे बघायचं. सकाळी झडप फिरवून बाजारात गेलेल्या एका सभासदाला त्याने भर सभेत झापलं होतं, "मासे कशाला पाळतोस? दगड पाळ!"

आणि त्याच माणसाने जिल्ह्याच्या परीक्षणाच्या दिवशी सकाळी झडप चांगली वेढाभर फिरवली. आठवडाभर लाल पानं मलूल दिसत होती म्हणे. वर पाणी आरशासारखं स्तब्ध दिसावं म्हणून पाणी गाळून परत टाकीत सोडणाऱ्या गाळणीचं तोंडही खाली दाबलं. पाणी वर हललं असतं तर जास्तीचा वायू थोडातरी उडून गेला असता, तीही वाट त्याने बंद केली.

दुपारी जिल्ह्याचे ओस्टिंग आपल्या मदतनिसाला घेऊन गाडीने आले, मी सायकलने. लामर्टने इस्त्रीचा शर्ट घातला होता. कॉफी आली, बिस्किटांचा डबा आला. आमच्याकडे डबा एकदा फिरतो, प्रत्येकाने एक उचलायचं, की झाकण बंद. लामर्टने झाकण लावलंच नाही.

टाकी तर अशी दिसत होती की काय सांगू! पानापानावर हवेचे बारीक मोती धरलेले, लाल झुपका पेटल्यासारखा. ओस्टिंग म्हणजे लग्नातही न हसणारा माणूस. तोसुद्धा म्हणाला, "वा, हिडिंग! हे बघायला देशाचे परीक्षक आले पाहिजेत." लामर्ट कानापर्यंत लाल झाला.

ओस्टिंग खुर्चीत बसून गुण मांडायला लागले आणि लामर्टचं तोंड सुटलं. पुलावरच्या गोष्टी. बोटीवर बकरी बाळगणारा कप्तान, धुक्यात पुलाखाली अडकून पडलेलं नवं जोडपं. पाहुणे हसत होते. त्याने दुसऱ्यांदा कॉफी ओतली. बोलताना तो टाकीच्या डाव्या कोपऱ्याला पाठ लावून उभा होता, तिथून हलेना. मला वाटलं, बिचारा बावरलाय.

कप ठेवायला म्हणून मी उठले आणि त्याच्या खांद्यावरून नजर गेली. अख्खा थवा त्या कोपऱ्यात, पाण्याच्या वरच्या थराला तोंडं लावून धापा टाकत होता. फुगा लिंबासारखा पिवळा.

"लामर्ट! अरे, मासे वर आलेत!"

"अं? खायला मागताहेत," तो म्हणाला. "ओस्टिंगसाहेब, थोडी घ्या ना अजून."

माझं डोकंच फिरलं. "खायला कसले मागताहेत, मरताहेत ते! हो बाजूला!"

ओस्टिंगनी कोट काढून फेकला, गुडघ्यावर बसून झडप बंद केली आणि गाळणीचं तोंड वर ओढलं. मी आणि मदतनीस बादल्यांनी पाणी बदलायला लागलो. लामर्ट नुसता उभा. पाणी गढूळ झालं, लोबेलियाची रांग उखडून तरंगायला लागली. काही मासे हळूहळू खाली उतरून पोहायला लागले. निम्मे तळाशी आडवे पडले ते पडलेच.

ओस्टिंगनी बाह्या खाली केल्या. "हिडिंग, या टाकीला यंदा मला गुण देता येणार नाहीत. वाईट वाटतं." कोट चढवला, हात मिळवला, आणि दोघं निघून गेले.

दार लागल्यावर मी विचारलं, "तुला कधी दिसलं?"

"पहिल्या कपाच्या वेळी."

"आणि तू बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर ते उठले असते."

"अरे, पण मासे..."

"मासे रोज असतात गेझिना," तो म्हणाला, आणि जाळी घेऊन एकेक मासा बाहेर काढायला लागला. काढताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं. मला त्याचा रागही आला होता आणि दयाही येत होती. बादल्या धुऊन मी घरी आले.

डिसेंबरात देशाचे परीक्षक दुसऱ्याच गावाला गेले. त्या संध्याकाळी मला घरात करमेना. सायकल काढली आणि फोन न करता लामर्टच्या दारात उभी राहिले. बाहेर बारीक गारा पडत होत्या.

त्याने दार अर्धं उघडलं. "आज परीक्षण आहे?"

"नाही रे."

"टाकी साफ नाहीये. वायू तेव्हापासून बंदच ठेवलाय."

"टाकी बघायला नाही आले मी."

"मग?"

"तुझ्याकडे आले. कॉफी प्यायला."

त्याने वळून भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आत्ता तर जेवायची वेळ झाली," तो म्हणाला. जेवायच्या वेळी आमच्याकडे कोणी कोणाकडे कॉफीला जात नाही. तो कुजकटपणे बोलला नव्हता, खरोखर गोंधळला होता. दार धरून तसाच उभा राहिला. लावून घ्यावं की बाजूला व्हावं, त्याला कळेना. आणि इतकी वर्षं त्या घरात जाऊनही, बरोबर परीक्षक नसताना आत कसं शिरायचं, ते मलाही कळेना.