वाचल्याशिवाय एंटर नाही

दुरुस्तीच्या दुकानात वहिनींचा नेम होता. कमांड टाइप करायची, हात मांडीवर घ्यायचे, आणि दुसऱ्यानं ती मोठ्यानं वाचायची. मगच एंटर. दुसरा म्हणजे धाकटा दीर, आणि त्याला वाचनाचा भारी कंटाळा.

"पाढे म्हटल्यासारखं रोज काय वाचायचं, वहिनी?"

"वाचा भावजी, जीभ झिजत नाही."

वहिनी मुळात तुटक बोलणाऱ्या. म्हणून काळ्या पडद्यावर चालणारा एक फुकटचा प्रोग्राम त्यांना सख्ख्यासारखा वाटायचा. संगणकाच्या डिस्कची हुबेहूब नक्कल, म्हणजे इमेज, उघडायची, तपासायची, नव्या डिस्कवर उतरवायची. सगळं एकेका ओळीत. ना लायसन्स, ना जाहिराती. काम झालं की गप्प. "घरात असं एक तरी माणूस असतं तर," असं म्हणायच्या, आणि दीर खाली बघायचा.

त्या दुपारी गावाच्या पाण्याच्या पंपघरातला माणूस धापा टाकत आला. पंप चालवणारा संगणक सकाळीच मेला होता. टाकीनं तळ गाठलेला, आणि दवाखान्यासकट अख्खं गाव त्याच टाकीवर. त्या संगणकाची एकुलती एक इमेज त्याच्या हातातल्या डिस्कवर होती. पण ज्या विकतच्या प्रोग्रामनं ती काढली होती तो चालू व्हायला नवी किल्ली, म्हणजे लायसन्सचा आकडा, मागत होता, आणि किल्ली देणारी कंपनीच बुडालेली.

वहिनींनी एक ओळ टाइप केली, दिरानं वाचली. एंटर. इमेज शाबूत निघाली.

"उघडली?" पंपवाला पडद्यावर वाकला.

"कंपनी जगली काय न् मेली काय, या प्रोग्रामला काय त्याचं."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. दवाखान्यानं ऑपरेशनं थांबवली होती. आधी इमेजची प्रत काढायची, मग काम, हा वहिनींचा दुसरा नेम. पण प्रत म्हणजे वेळ, आणि पंपवाला तर अंगार तुडवल्यासारखा नाचत होता. वहिनींनी तो नेम मोडला. सरळ कोरी डिस्क जोडली, ओळ टाइप केली, हात मांडीवर घेतले.

"दाबा की बाई आता!"

"वाचा, भावजी."

दीर भरभर वाचत सुटला आणि मध्येच थबकला. पुन्हा वाचलं, हळू.

"वहिनी, हे उलटं झालंय. कोरी डिस्क इमेजवर चाललीय."

एंटर पडलं असतं तर पंपाचं सगळं डोकं पुसून गेलं असतं, आणि हा गप्प प्रोग्राम "नक्की का?" असंही विचारणार नव्हता. वहिनींनी एकेक अक्षर खोडलं.

"आता आधी प्रत."

"अहो, तिकडं पेशंट..."

"बसा खाली! इमेज पुसली असती तर पेशंटांना काय पाजलं असतं, तुमचा घाम?"

तो बसला. पडद्यावरचे आकडे मुंगीच्या पावलांनी सरकले. प्रत निघाली, मुळाशी जुळली. मग सुलटी ओळ दिरानं न सांगता दोनदा वाचली, आणि भरलेली नवी डिस्क छातीशी धरून पंपवाला पळाला.

दुकानातला नळ उघडा ठेवून दोघं बसून राहिली. नुसती हवा फुसफुसत होती. दिवस कलता कलता नळ खोकला आणि तांबूस पाणी थुंकला. दीर बादली घेऊन धावला.

वहिनींनी नळ बंद केला. "आधी दवाखान्यात पाणी पोचू दे."