सातवी ब आणि जगातले धर्म

शहात्तर-सत्त्याहत्तर साल असावं. मी नुकतीच शिक्षिका झाले होते आणि रामदासपेठेतल्या घरून सायकल दामटत जरीपटक्याच्या बाजारामागच्या शाळेत जायची. सातवी ब माझ्याकडे होती. मिलमधल्या आणि रेल्वेतल्या कामगारांची मुलं, सिंधी दुकानदारांची मुलं, सगळी एकाच वर्गात, एका बाकावर चार-चार.

इतिहासाच्या पुस्तकात जगातल्या धर्मांवर एक धडा होता. मी फळ्यावर रकाने आखले: धर्म, संस्थापक, ग्रंथ, प्रार्थनास्थळ. मुलं माना खाली घालून उतरवून घेत होती. बौद्ध धर्माच्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य मी मोठ्यानं वाचलं, ‘कालांतराने हा धर्म भारतातून नाहीसा झाला.’

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. दोन घट्ट वेण्या, एरवी हजेरीपुरतंच तोंड उघडणारी.

“बाई, नाहीसा काहून लिवलं? आमी तं आहो.”

वर्ग खो-खो हसला. मला धडा त्याच तासात संपवायचा होता. “पुस्तकात आहे तेच परीक्षेत लिहायचं. बस खाली,” मी म्हणाले. ती बसली आणि तिनं वही मिटून ठेवली. मी ते पाहिलं, पण पुढच्या रकान्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिचे वडील आले. कापडाच्या मिलमधून थेट आले होते, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

“बाई, मले भांडाचं नाही. पन पोरगी कालपासून इचारून राहिली, बाबा, आपण नाहीसे कव्हा झालो म्हून. मी काय सांगू तिले?”

त्यांनी मग आपणहूनच सांगितलं. छप्पन साली बौद्ध धर्माची दीक्षा घेतली तेव्हा ते सोळा वर्षांचे होते. पांढरे कपडे घालून आईबरोबर पहाटेच चालत निघाले होते. ते बोलत होते आणि मला आमची गॅलरी आठवत होती. मी सात-आठ वर्षांची असेन. रस्त्यानं पांढऱ्या कपड्यातली माणसं चाललेली, संपतच नव्हती. “आत ये,” म्हणून आईनं मला ओढून दार लावलं होतं. त्याच गर्दीत हे गृहस्थ असतील. वीस वर्षं याच गावात राहून मी काल वर्गात ते वाक्य वाचताना अडखळलेसुद्धा नव्हते.

“हे तुम्ही मुलांना सांगाल का?” मी विचारलं.

मुख्याध्यापक तयार नव्हते. “धर्म शिकवा बाई, पण वर्गात धर्म आणू नका,” म्हणाले. दोन दिवस मी त्यांच्या खोलीत चकरा मारल्या. शेवटी, “शनिवारी शेवटचा तास घ्या. दार लोटून,” एवढं म्हणून त्यांनी फाइल उघडली.

शनिवारी मुलीचे वडील आले, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. टेबलाला धरून उभ्याउभ्याच बोलले. मुलगी बाकाखाली नजर लावून बसली होती.

“काका, मग घरातले देव कुठं गेले?” एका सिंधी मुलानं विचारलं.

“कन्हान नदीत सोडले. मायनं आपल्या हातानं सोडले. पितळेचे होते, रोज चिंचेनं घासे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चिंच घेऊन बसली. मंग ध्यानात आलं, तं सोताशीच हसली.”

कुणीही हसलं नाही. मुलीनं मात्र मान वर केली होती.

त्यानंतर शनिवारचा तास मुलांनीच ताब्यात घेतला. एका मुलाची आई मिशनच्या दवाखान्यात नर्स होती, ती आली. एकाचे वडील शिंपी होते. त्यांनी रोजा म्हणजे नुसती भूक नव्हे, हे इतकं रंगवून सांगितलं की अर्ध्या वर्गानं सोमवारी डबा उघडला नाही. धडा पुढे सरकत नव्हता, पण शनिवारची हजेरी पूर्ण भरायची.

मार्चमध्ये त्याच मुलीनं विचारलं, “बाई, आता तुमच्या घरचं सांगा ना.”

मी देव्हारा, गौरी, चैत्रातलं हळदीकुंकू सांगितलं. मग थांबले. या मुलांसमोर एवढंच सांगून भागणार नव्हतं. आमच्याकडे झाडायला येणाऱ्या बाईंना आई पेला देत नाही, ओंजळीत वरून पाणी ओतते, हेही मी सांगितलं.

“आता बी ओतते?”

“हो.”

“अन् तुमी काही म्हनत नाही?”

“आजवर नाही म्हटलं.”

ती खाली बसली. घंटा झाली.

त्या संध्याकाळी मी आईशी बोलले. ती चिडली, रडली, चार दिवस तिनं माझ्याशी अबोला धरला. पाचव्या दिवशी त्या बाई आल्या तेव्हा मीच पेला भरून त्यांच्या हातात दिला. त्यांनी घेतला, पण पिण्याआधी आईकडे पाहिलं. आई तांदूळ निवडत होती. तिनं मान वर केली नाही, पण “नको” असंही म्हणाली नाही. त्या बाई उभ्या-उभ्या सगळं पाणी प्यायल्या.