राजवाड्याच्या दारात फोडलेला नारळ

पोलिसानं नारळ दोन्ही हातांत धरला होता, तान्हं बाळ धरावं तसा. कानाशी नेऊन हलवला. आतलं पाणी डुचमळलं. त्याचा चेहरा गंभीर झाला.

जागा तोक्योची, सम्राटांच्या राजवाड्याचं फाटक. जानेवारीतली बोचरी दुपार. नव्या वर्षात एक दिवस सम्राट सहकुटुंब सज्जात येतात, काचेआडून हात हलवतात, आणि खाली लोक कागदी झेंडे हलवतात. तेही ठरावीक वेळांनाच. आम्ही त्या दिवसाच्या शेवटच्या वेळेला आलो होतो. फाटक बंद व्हायला वीसेक मिनिटं होती.

मी गाइड. नवऱ्याच्या बँकेच्या पोस्टिंगमुळे मुंबईहून इथे आले आणि जपानी शिकले ती टीव्हीकडून आणि शेजारणींकडून, क्लासबिस काही नाही. दोन हजार सालानंतर आपली आयटीतली मुलं भराभर इकडे आली, आणि मागोमाग त्यांचे आईवडील. त्यांना फिरवायला मराठी बोलणारं माणूस हवं, म्हणून एका छोट्या ट्रॅव्हल एजन्सीनं मला धरलं. त्या दिवशी तोक्योच्याच तोयोसु भागातल्या एका कंपनीतल्या इंजिनिअरांचे अकरा आईवडील माझ्या ताब्यात होते. त्यात कुडाळचे आप्पा आणि काकू. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचं परतीचं विमान.

फाटकाशी पिशव्या तपासतात. थर्मास निघाला तर पोलीस अगदी नम्रपणे म्हणतो, एक घोट पिऊन दाखवा. तुम्ही प्यायलात म्हणजे आत चहाच आहे, झालं. आप्पांनी चहा पिऊन दाखवला, वर पोलिसालाही विचारलं. मग काकूंच्या पिशवीतून शेंडीसकट हा नारळ निघाला.

"काकू, हे काय?"

"राजाकडे रिकाम्या हातान जातत काय गो? घरच्या माडाचा आहे."

मी पोलिसाला सांगितलं, ही भेट आहे. तो म्हणाला, सम्राटांना भेट देता येत नाही, आणि ही वस्तू आत नेता येत नाही. मी एजन्सीच्या साहेबांना फोन लावला. मोरी-सान म्हणजे वेळापत्रकाचा माणूस. 'नारळ' हा शब्द त्यांनी माझ्याकडून दोनदा वदवून घेतला. मग म्हणाले, "स्टेशनचं कॉइन लॉकर."

पण स्टेशन पंधरा मिनिटांवर, जायला पंधरा, यायला पंधरा. तोवर फाटक बंद. बरं, टाकून द्यावा तर तोक्योत रस्त्यावर कचऱ्याचा डबा सापडत नाही, आणि सापडला असता तरी काकूंच्या देखत त्यात श्रीफळ टाकायची माझी छाती नव्हती. मी थांबावं तर गाइडनं गट सोडायचा नाही. आमच्यात याला हेडकाउंट म्हणतात, अकरा आत तर अकरा बाहेर.

काकूंनी मफलर कानांवर ओढला. "तुम्ही जा सगळे. मी बसते इथे नारळ घेऊन."

रुसून नव्हत्या बोलल्या, ते जास्त लागलं. राजा बघून येते असं त्या अख्ख्या वाडीला सांगून आल्या होत्या. उद्या विमानात बसल्या की संपलं.

मी पुन्हा पोलिसाकडे गेले. म्हटलं, नेमकी हरकत कशाला आहे? तो म्हणाला, आतलं दिसत नाही, आणि आत द्रव आहे.

"मग पिऊन दाखवला तर?"

तो विचारात पडला. नियम तर त्याचाच होता. वरिष्ठांना घेऊन आला. त्यांनी नारळ पाहिला, काकू पाहिल्या, घड्याळ पाहिलं. म्हणाले, "पिऊन दाखवा."

"आप्पा, नारळ फोडायचाय."

आप्पा खूश. "कोयता असेल काय हो यांच्याकडे?"

हे वाक्य मी जपानीत सांगितलं नाही.

रांगेपासून बाजूला, रस्त्याच्या कडेच्या दगडापाशी आम्हाला नेलं. आप्पांनी नारळ हातात फिरवला, शीर शोधली आणि दगडावर एकच फटका घातला. दोन सरळ वाट्या. पाणी थर्मासच्या झाकणात धरलं. दोन पोलिसांसमोर काकूंनी घोट घेतला, "गोड आहे," म्हणाल्या, आणि झाकण वरिष्ठांपुढे केलं. त्यांनी हात जोडल्यासारखं करून नको म्हटलं. दोन्ही वाट्यांत टॉर्च मारून बघितला. मागे रांगेतल्या एका आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. वरिष्ठ वाकून म्हणाले, "दोझो." म्हणजे, या.

आम्ही पळालो. अक्षरशः पळालो, गुडघेदुखीवाले अकरा आणि मी.

सम्राट आणि घरचे सगळे सज्जात आले. चहूकडे कागदी झेंड्यांची सळसळ. काकूंच्या हातात झेंडा कुठला? त्यांनी दोन्ही हातांत एकेक वाटी धरून उंच उचलली आणि सज्जाकडे दाखवली.

"बघितला त्यांनी," त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या. "पोचला."

कोणी वाद घातला नाही. इतक्या वर्षांत मीही सम्राट पहिल्यांदाच पाहत होते, पण खरं सांगते, अर्धा वेळ डोकी मोजत होते. अकरा भरली. खोबरं बाहेर आल्यावर वाटून खाल्लं.

मोरी-साननी लेखी रिपोर्ट मागितला. मी सगळं लिहिलं. त्यांनी न हसता वाचलं आणि सूचनापत्रकात एक ओळ वाढवायला सांगितली, मराठीतून: नारळ आणू नये.

पुढच्या वर्षी कोणी नारळ आणला नाही. सातारच्या एका काकूंनी कंदी पेढे आणले. पत्रकात पेढ्यांबद्दल काही नव्हतं.

तेव्हापासून मी पत्रकावर विसंबत नाही. निघण्याआधी पिशव्या स्वतः उघडून बघते.