अठरा अंश

मी आधी बटण दाबलं आणि मग पडद्यावर काय लिहिलंय ते वाचलं. ‘सगळी माहिती पुसायची का?’ असं ते यंत्र विचारत होतं, आणि मी ‘हो’ म्हणून मोकळा झालो होतो.

आमच्या घरात याचं कुणाला नवल वाटणार नाही. बायकोच्या मोबाइलमधले फोटो, टीव्हीवरची लावून ठेवलेली चॅनेल, लेकीचा अर्धा भरलेला कॉलेजचा अर्ज, हे सगळं मी ‘दुरुस्त’ करता करता घालवलेलं आहे. “बाबा, प्लीज, डोन्ट टच,” एवढं तर लेक माझ्याशी रोजच बोलते. पण मस्कतजवळच्या रुसैलच्या वर्कशॉपमध्ये मी एकवीस वर्षं मोजमापाची यंत्रं तपासतो आहे, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला पहिला धडा मीच देतो: यंत्र जसं आलं तसं आधी कागदावर उतरवा, मग हात लावा. धडा द्यायला सोपा आहे.

ते यंत्र म्हणजे रेंजफाइंडर. लहान दुर्बिणीसारखं असतं. डोळ्याला लावून बटण दाबलं की समोरची वस्तू किती मीटरवर आहे ते सांगतं. त्यात बंदुकीची आणि हवेची माहिती भरली असेल तर गोळी तेवढ्या अंतरात किती खाली येईल, म्हणजे नेम किती वर धरायचा, तेही सांगतं. ते घेऊन आले होते एक ओमानी चाचा. सत्तरीचे, पांढरी दाढी, ताठ चाल. तरुणपणी मुंबईच्या बंदरात काही वर्षं काढलेली, त्यामुळे हिंदी माझ्यापेक्षा बरी.

“तीनशे मीटरपर्यंत ठीक लागतं,” ते म्हणाले. “पुढे गेलं की गोळी वरून जाते. लोक म्हणतात, हात गेला तुझा. तू बघ, यंत्र बिघडलंय की मी.”

मी ते चालू केलं. तापमानाच्या रकान्यात अठरा अंश. जून महिना, बाहेर मोटारीच्या दाराला हात लावला तर चटका बसत होता, आणि हे म्हणतंय अठरा! मला वाटलं, डोकं फिरलंय याचं. अशा वेळी माझं बोट आपोआप कुठे जातं ते वर सांगितलंच.

“झालं चाचा, साफ केलं. आता बंदुकीचे आकडे नव्याने भरू.”

“जुने कुठे गेले?”

“पुसले.”

ते खुर्चीवर बसले. ते आकडे त्यांच्या मुलाने भरलेले होते. मुलगा सोहारला कारखान्यात इंजिनियर होता. सुट्टीच्या दिवशी बापलेक डोंगराच्या पायथ्याशी नेमबाजीच्या मैदानावर जायचे. गोळ्या झाडून, मोजून, पुन्हा झाडून त्याने ते आकडे बसवले होते. जानेवारीत सोहारच्या रस्त्यावर गाडीचा अपघात झाला. त्यात तो गेला, आणि त्याचा फोनही फुटला. कागदावर त्याने कधी काही लिहिलं नव्हतं.

“त्याचं हे एवढंच माझ्याजवळ चालू होतं,” चाचा म्हणाले. मग माझ्याकडे बघून, मलाच धीर देत असल्यासारखे, “खलास. चहा सांग.”

तो चहा माझ्याकडून प्यायला गेला नाही.

मी म्हटलं, शुक्रवारच्या सुट्टीत मी मैदानावर येतो, आपण पुन्हा बसवू. पहाटे वादी अदाईच्या घरातून निघताना मस्कतचा पारा बघायला बायकोचा फोन उचलला. हवामानाच्या पडद्यावर वर मस्कत, खाली तिचं माहेर गुहागर. सासूबाई होत्या तोवर ही रोज इथून त्यांना सांगायची, आज पाऊस आहे, वाळवण आत घे. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली, तिथलं घर बंद आहे. “हे खालचं काढू का? उगाच गोंधळ होतो,” मी म्हटलं. तिने फोन माझ्या हातातून काढून घेतला.

मैदानावर मी वही उघडून बसलो. गोळीचा वेग काडतुसांच्या खोक्यावरून घेतला, बाकीचं फूटपट्टीने मोजलं, आणि हवेचं तापमान घातलं छत्तीस. चाचा पालथे पडून नेम धरायचे, मी दुर्बिणीतून बघायचो, आणि वेगाचा आकडा थोडा थोडा बदलायचो. पहिल्याच गोळीला मी एवढा दचकलो, की वहीपेनासकट वाळूत आडवा झालो. चाचा म्हणाले, “सदीक, दोस्त, गोळी तिकडे जाते. तू का झोपतोस?”

असे तीन शुक्रवार गेले. तिसऱ्या शुक्रवारी सहाशे मीटरवरची लोखंडी पाटी वाजली. आवाज यायला जरा वेळ लागतो, तेवढा वेळ दोघांनीही श्वास रोखून धरला होता. पुन्हा वाजली. पुन्हा.

चाचा उठून बसले. आनंद काही दिसेना.

“म्हणजे माझा हात बिघडला नव्हता?”

“नाही चाचा. यंत्रही नाही. तापलेली हवा विरळ असते, गोळी कमी खाली येते. यंत्रात थंडीचा आकडा होता, म्हणून ते नेम जास्त वर धरायला सांगत होतं. तापमान तेवढं बदलायचं होतं.” मी वही मिटली. “बाकी सगळं त्याचं बरोबर होतं.”

“थंडीचा किती होता?”

“अठरा.”

“त्याने आकडे बसवले त्या दिवशी मी लोकरीचा कोट घालून आलो होतो,” ते म्हणाले. “तो हसला मला. म्हणाला, अठरा अंशाला एवढा कोट? म्हातारा झालास, बाबा.”

मग त्यांनी यंत्र माझ्यापुढे धरलं. “यात दोन बंदुकांची जागा आहे ना? दुसऱ्या जागेत अठरा घाल.”

“चाचा, त्याने नेम चुकेल. आणि बाकीचे आकडे तर माझे आहेत, त्याचे नाहीत.”

“मालूम है,” ते म्हणाले. “तू घाल.”

मी घातले. या वेळी आधी वहीत लिहिलं, मग बटण दाबलं.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती गच्चीवरून आणलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. शेवटची घडी तिने कपाटात ठेवली.

मग म्हणाली, “अहो, माझ्या फोनमधलं गुहागर काढायचं नाही हं.”