ताप उतरला ती दुपार

आष्टीतलं आमचं किराणा दुकान सासूबाईच चालवायच्या. दुपारच्या जेवणालासुद्धा त्यांना दोनदा हाक मारावी लागे. त्या एप्रिलात मात्र त्या स्वतःच उठून आत आल्या, आडव्या झाल्या आणि मला त्यांच्या बहिणीच्या नावानं बोलावू लागल्या. बहीण वारून कितीतरी वर्षं झाली होती. ऊन लागलं असेल म्हणून आम्ही पन्हं पाजलं. दुसऱ्या सकाळी हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा नवऱ्यानं जीप केली आणि वर्ध्याचं हॉस्पिटल गाठलं.

औषधानं दुपारी ताप उतरला. सासूबाई डोळे उघडून म्हणाल्या, "मले काई झालं नाई. दुकान बंद काऊन ठेवलं? घरी चाला."

नवरा पिशवी भरू लागला. तेवढ्यात डॉक्टरबाई रक्ताचा रिपोर्ट घेऊन आल्या.

"आज नेऊ नका. सीआरपी वाढलंय, आणि प्रोकॅल्सिटोनिन तर फारच. साध्या तापात एवढं वाढत नाही. कुठंतरी जंतूंचा मोठा संसर्ग आहे. यांना शुगर आहे ना?"

"शुगर आहे. पण ताप त उतरला," नवरा म्हणाला.

"तो गोळीमुळे. लघवीला जळजळ होते का?"

"नाई, तसं काई नाई," उत्तर त्यानंच दिलं. सासूबाईंनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मला ते खटकलं. नवऱ्याला चहा आणायला पाठवलं आणि त्यांच्या कानाशी वाकले. "आई, खरं सांगा. आग होते?"

"लय रोजापासून होऊन राह्यली," त्या पुटपुटल्या. "पोरासमोर कशी सांगू?"

मी धावत जाऊन डॉक्टरबाईंना सांगितलं. त्यांनी कमरेच्या वर, पाठीच्या बाजूला हलकंसं ठोकलं, तशा सासूबाई कळवळल्या. संसर्ग किडनीपर्यंत गेला होता. लघवी तपासायला पाठवली. कोणता जंतू ते कळायला दोन दिवस लागणार होते. "तोवर थांबता येणार नाही," म्हणत त्यांनी लगेच शिरेतून औषध सुरू केलं.

थोड्याच वेळात सासूबाईंचे हातपाय गार पडले. बीपी खाली आलं. नर्सनं मला बाजूला सारलं, खाट ढकलत आयसीयूत नेली आणि दार लागलं. घरी निघालो असतो, तर या वेळी आम्ही आर्वीच्या रस्त्यावर, भर उन्हात जीपमध्ये असतो.

नवरा चहाचा थर्मास घेऊन आला आणि रिकाम्या जागेकडे बघतच राहिला. मी सगळं सांगितलं. बाकावर बसत म्हणाला, "मले काऊन नाई सांगितलं तिनं?" मी त्याच्या हातातला थर्मास घेऊन चहा ओतला.

संध्याकाळी दार उघडलं. बीपी जरा सावरलं होतं. पुढच्या तपासणीत रक्तातलं ते प्रोकॅल्सिटोनिन उतरलं, मग लघवीचा रिपोर्ट आला. चालू असलेलं औषधच त्या जंतूवर लागू पडणारं होतं. डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा कुठे सैल झाला.

घरी आल्यावरही सासूबाईंना पंधरवडाभर भिंत धरून चालावं लागलं. मोरीपर्यंत मी सोबत जायचे. दाराशी थांबून "आग होते का?" विचारायचे, आणि त्या आतून न लाजता सांगायच्या.